अठ्ठेचाळीस हजार सातशे पन्नास

दुरुस्त झालेले रेडिओ मी गिऱ्हाईक येऊन नेईपर्यंत चालूच ठेवतो. लोकांना वाटतं, मेस्त्री तपासून बघतोय. तपासायला पाच मिनिटं पुरतात. माझी बायको विमला जाऊन सात वर्षं झाली, आणि या दुकानात किंवा मागच्या खोलीत बोलणारं दुसरं कोणी नाही, म्हणून ते चालू असतात. एकावर बातम्या, दुसऱ्यावर भजन, तिसऱ्यावर पणजी केंद्राचं गाणं, तिन्ही एकदम. गिऱ्हाईक महिनाभर फिरकलं नाही तरी मी कधी निरोप पाठवला नाही. ही सवय आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते तिच्यामुळेच झालं.

दुकान कणकवलीत, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. पाटीवर 'हरिश्चंद्र रेडिओ सर्व्हिस' असं लिहिलं आहे. हे माझंच नाव, वडिलांनी ठेवलेलं. त्या नावाने जन्मभर माझी गोची केली आहे, कारण गिऱ्हाईकाला साधं 'उद्या देतो' म्हटलं तरी ते पाटीकडे बघून हसतं. लग्नाआधी मी मुंबईत सहा वर्षं एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड जोडायचो, त्यामुळे या भागात कोणाचं काही चमत्कारिक यंत्र बिघडलं की ते माझ्याच दारात येऊन पडतं.

सत्त्याऐंशी सालच्या दसऱ्यानंतरचा मंगळवार होता. बाजाराचा दिवस. महादूचा टेम्पो दारात उभा राहिला. हा एरवी तोंडवलीहून बर्फातली मासळी आणतो. त्या दिवशी मागे गोधडीत गुंडाळलेलं पुरुषभर उंचीचं कपाट होतं, आणि पुढून एक बाई उतरली. तिशीची असेल. चालताना मान ताठ, आणि हातात पिशवी इतकी घट्ट की जणू कोणी हिसकावून नेणार आहे.

"मेस्त्रीनू, ह्या बघशात काय?"

"ह्या काय? कपाट? सुताराकडे न्हेवा."

"व्हिडिओ गेम आसा," महादू म्हणाला. "ह्येंच्या हॉटेलातलो. खेकड्यांचो."

गोधडी सोडली. काच, खाली दांडा आणि दोन बटणं. मासळीचा वास यंत्रालाही लागला होता. बटण दाबलं तर पडद्यावर नुसती अक्षरांची खिचडी, मग काळोख, मग पुन्हा खिचडी.

"बिघडला तां बिघडला," बाई म्हणाली. "पण वरचा नाव जावक नको."

"कोणाचा नाव?"

"तेंचा."

यापुढे ती बोलेना. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि ती पाळणारी होती. बाकीचं महादूने बाहेर विडी पेटवता पेटवता सांगितलं. बाईचं नाव सुगंधा. नवरा शंकर, मालवाहू जहाजावर खलाशी. मुंबईत कुठलंसं खेळघर बंद पडत होतं, तिथून त्याने हे यंत्र घेतलं आणि तोंडवलीत स्वतःच्या चहाच्या हॉटेलात आणून ठेवलं. रजेचे दोन महिने रोज खेळला. पहिला नंबर काढला, यंत्राने नाव विचारलं तेव्हा एस, एच, ए अशी तीन अक्षरं घातली, आणि जहाजावर गेला. अकरा महिने पत्रं आली. मग थांबली. जहाज कंपनीच्या ऑफिसात चौकशी केली तेव्हा कळलं की तो कुठल्याशा बंदरात उतरला आणि परत चढलाच नाही.

"म्हणजे जिवंत आसा?"

"असतलो," महादू म्हणाला. "पण हयसर नाय."

घरात ती आणि सासू, अक्का. अक्का म्हणायची, येतलो. सुगंधा काही म्हणत नसे. रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी ती यंत्राचं बटण दाबायची. कोणी खेळत नसेल तेव्हा पडद्यावर पहिल्या दहा जणांची यादी येते, तिच्यात वर ते नाव आणि पुढे अठ्ठेचाळीस हजार सातशे पन्नास. तोंडाने घ्यायचं नाही, पण डोळ्यांनी बघायला कोण अडवतंय? कोणी पोरगा चाळीस हजारांच्या वर गेला की ती हळूच आत जाऊन मेन स्विच खाली करायची आणि लाईट गेली म्हणून ओरडायची. महादू हे सांगताना हसला. मी पण हसलो, आणि मग मला हसल्याची लाज वाटली.

आत येऊन मी यंत्राचं मागचं दार काढलं. पाटाएवढा हिरवा बोर्ड, त्यावर शंभरेक चिपा, आणि एका कोपऱ्यात प्लास्टिकच्या खोबणीत तीन पेन्सिल सेल. मीटर लावला. सेल अजून जिवंत होते.

"हे बघा वयनी. करंट गेलो तरी ह्या तीन सेलांवर ता नाव टिकून रवता. जुने झाले हत. पण मी आधी बाजूक नवे सेल जोडतलंय आणि मगच हे काडतलंय. मधी एक क्षण सुद्धा खंड पडूचो नाय. नाव जावचा नाय."

"खरा?"

"भायर पाटी वाचलास ना?"

तेव्हा ती पहिल्यांदा हसली. हे वचन मी दिलं होतं. कोणी मागितलं नव्हतं.

पंधरा दिवस त्या बोर्डाने माझा जीव खाल्ला. सर्किटचा नकाशा नाही, विचारायला माणूस नाही. जुन्या पेनात दिवा बसवून मी एक टेस्टर केला होता, त्याचं टोक एकेका चिपेच्या पायाला लावायचं आणि दिवा लागतो का, लुकलुकतो का, ते वहीत उतरवायचं. कुठली चिप तापते ते बोटाने बघायचं. संशय आला की तिच्या डोक्यावर तशीच चांगली चिप दाबून धरायची. सगळं केलं. बोर्ड सुरू व्हायचा, दोन सेकंदांत गोंधळायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. मी त्याला अशा शिव्या दिल्या की शेजारचे टेलर दाजी येऊन विचारून गेले, आत कोण आहे म्हणून.

सेल बदलायचं काम मात्र मी शेवटासाठी ठेवलं होतं. बोर्ड एकदा बरा झाला की एका झटक्यात सगळं करू, असा हिशेब. खोबणीतल्या स्प्रिंगवर हिरवट बुरा आलेला मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. बघू की, म्हटलं.

आणि दर मंगळवारी ती यायची. आचऱ्याच्या गाडीने अकराला उतरायची, बाजार करायची, बाराला दुकानात. पिशवीतून कधी खाजं, कधी सुके बांगडे माझ्यासाठी काढायची. मी स्टोव्हवर चहा ठेवायचो. ती तीनच्या गाडीपर्यंत स्टुलावर बसायची. पहिल्या मंगळवारी यंत्राबद्दल बोललो. दुसऱ्या मंगळवारी अक्का साखर कुठे कुठे लपवते यावर तासभर बोललो. ती नकला फार छान करायची. ती आली की मी रेडिओ बंद करायचो. तिसऱ्या मंगळवारी हे माझ्या लक्षात आलं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. या वयात! दुसऱ्याच्या बायकोची वाट बघत बसणारा हरिश्चंद्र! मी स्वतःला चांगलं फैलावर घेतलं. काही उपयोग झाला नाही.

शुक्रवारी दोष सापडला, आणि तो मला नाही, मुंग्यांना सापडला. भिंतीवरून तांबड्या मुंग्यांची रांग यंत्राच्या मागून आत गेली होती. ती थेट बोर्डाच्या एका कोपऱ्यात, एका चिपेच्या खोबणीखाली. मी चिप उपटली. खाली चिकट डाग, दोन पाय हिरवे पडून कुजलेले, आणि एक बारीक तांब्याची वाट मधोमध खाल्लेली. बोटाला चिकटलं ते हुंगून पाहिलं. बाजूला कुंकवाचा ठिपका होता. मग सगळं उलगडलं. खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं पूजतो. मीसुद्धा माझ्या टेबलासमोर नारळ फोडतो, पण खाली, दगडावर. तोंडवलीत कोणीतरी तो यंत्राच्या माथ्यावर फोडला होता. वर हवेसाठी भोकं असतात. सगळं पाणी आत.

स्पिरिट आणि दात घासायचा ब्रश घेऊन मी तो कोपरा धुतला, केसासारखी तार जोडून तुटलेली वाट सांधली, खोबणी बदलली. बटण दाबलं. एक छोटीशी धून वाजली, वरून खेकडे उतरले, खाली होडी आली. मग यादी. एस एच ए. अठ्ठेचाळीस हजार सातशे पन्नास. दुकानात कोणी नव्हतं तरी मी मोठ्याने म्हटलं, "बघ गो विमला!"

मंगळवारी मी तिला चकित करायचं म्हणून यंत्र चालू करूनच ठेवलं. धून पुन्हा पुन्हा वाजत होती. अकराच्या सुमारास दारातून पाहिलं तर ती गल्लीच्या तोंडाशी दिसली. आज आधी बाजार न करताच आली होती. आणि माझ्या मनात आलं, हा शेवटचा मंगळवार. ती यंत्र बघेल, आनंदेल, महादूला बोलावेल आणि जाईल. मी काय विचार केला म्हणून सांगू? काहीच केला नाही. हात पुढे गेला आणि बटण बंद झालं.

ती आत आली. मी तिला नारळाचं सांगितलं. ती स्टुलावर बसली.

"अक्कांनी फोडल्यानी तो. गाऱ्हाणा घालून. 'बा देवा म्हाराजा, माझो झील जंय आसात थंयसून त्येका सुखरूप घराक हाड.' मी आणि शेजारीण 'होय म्हाराजा' म्हटलंव. मेस्त्रीनू, अक्कांका सांगू नकात. झिलासाठी फोडलेलो नारळ तो."

"खाऱ्या हवेन बिघडला म्हणान सांगतंय."

"मग आता चालू जातला?"

"एक पार्ट मुंबयसून येवचो आसा," मी म्हणालो.

तिने यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरा," ती म्हणाली. "च्याय ठेवतास ना?"

त्या दिवशी ती सगळ्यात जास्त बोलली. लहानपणी तारकर्लीच्या खाडीत पोहायला शिकल्याचं सांगितलं. शंकरबद्दल एकदाच बोलली. "जाताना मागे वळान बघल्यानी नाय. मी म्हटलंय, घाई असतली." पुढच्या मंगळवारीही मी पार्टची थाप मारली आणि तिने 'बरा' म्हटलं. सेल मी रोज मीटरने बघत होतो. चांगले होते. अजून एक आठवडा, मग देऊन टाकू. आठवडाभराने कोणाचं काय बिघडतं?

गुरुवारी सकाळी यंत्र चालू केलं आणि यादीत वर एस एच ए नव्हतं. दहाच्या दहा ठिकाणी कारखान्यात भरलेली कुठलीशी फालतू नावं, आणि पुढे गोल गोल आकडे. मी बंद केलं, पुन्हा चालू केलं. चार वेळा. मागचं दार काढलं. ती हिरवी स्प्रिंग मोडून खाली पडली होती. नारळाचं पाणी तिच्यापर्यंतही पोचलं होतं. सेल चांगलेच होते, पण बोर्डाशी त्यांचा संबंध रात्रीत कधीतरी तुटला होता. बाजूला दोन तारा आणि नवे सेल जोडायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं माझ्याकडे पहिल्या मंगळवारपासून होती. मी जमिनीवर बसलो आणि रडलो. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, पेन्सिल सेलाच्या स्प्रिंगपायी.

मग मी ठरवलं की ते नाव मी परत आणणार. म्हणजे जिंकणार. नवी खोबणी, नवे सेल, आणि खेळायला उभा राहिलो. पहिल्या दिवशी माझी होडी तीन हजारांत बुडाली. आत बारीक बटणं असतात, ती फिरवली की तीन होड्यांऐवजी सात मिळतात. लबाडीच ती, पण एवढं झाल्यावर लबाडीचं काय घेऊन बसायचं? मंगळवारी ती आली तेव्हा यंत्रावर गोधडी टाकलेली होती आणि मी नजर चुकवत होतो. पार्ट अजून नाही, म्हणालो. ती लवकर उठली.

नंतरचे सात दिवस मी दुकान उघडण्याआधी पहाटेपासून खेळलो. दोन्ही अंगठे सुजले. दाजी म्हणाले, "हरी, तुका येड लागला." मला नेमका तोच आकडा हवा होता. तो गाठता येत नाही. पन्नास, शंभर, दीडशे असे गुण पडत जातात, आणि शेवटची होडी नेमकी कधी बुडवायची ते खेकडे ठरवतात. एकदा अठ्ठेचाळीस हजार तीनशेवर मेलो, एकदा एकोणपन्नास हजार शंभरवर. प्रत्येक वेळी नाव न घालता सेल काढायचे आणि पुन्हा सुरुवात. सोमवारी दुपारी अठ्ठेचाळीस हजार नऊशे झाले. शेवटचे तीन आकडे कोण लक्षात ठेवतं, असं म्हणून मी एस, एच, ए घातलं. माझ्या तर ते लक्षात होते.

मंगळवारी महादूचा टेम्पो घेऊनच या, असा निरोप मी पाठवला. ती आली. मी बटण दाबलं. धून वाजली, यादी आली. ती काचेजवळ गेली, तिने बोट नावाखालून आडवं फिरवलं आणि आकड्यापाशी थांबवलं.

"ह्यो तेंचो आकडो न्हय," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. पार्टची थाप, स्प्रिंग, सेल, सात होड्या. पाटीवर नाव असलेल्या माणसाने पहिल्यांदा सलग खरं बोलून दाखवलं. मला वाटलं ती ओरडेल. तिने ओरडावं असं वाटत होतं.

"पार्टाचा माका म्हायत होता," ती म्हणाली. "त्या दिवशी गल्लीत शिरलंय तेव्हाच आयकलंय. यंत्र वाजत होता. मी येतंय ता बघून बंद झाला."

"मग बोललास कशाक नाय?"

ती स्टुलाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "घरात अक्का आणि मी. दोघींका एकच बोलना, येतलो नि येतलो. हय बसाक बरा वाटायचा." मग म्हणाली, "दोन मंगळवार मी माका इचारलंय, नाव होया की च्याय. दर वेळी म्हटलंय, अजून एक मंगळवार. तुमी एकट्यान घालवलास नाय ता."

स्टोव्हवर चहा उकळून वर आला. कोणी उठलं नाही. तो स्टोव्हवरच सांडला.

"ह्या नाव काडून टाकू?" मी विचारलं. "सेल काडले की जाता."

"नको. अक्कांका आकडे वाचूक येनत नाय. तेंका ती तीन अक्षरां दिसली की झाला. न्हेतंय मी."

महादूने आणि मी यंत्र चढवलं. तिने गोधडी स्वतः बांधली. टेम्पोत बसताना तिने पिशवीतून खाज्याचा पुडा काढून माझ्या हातात दिला, आणि 'येतंय' म्हणाली नाही. आमच्याकडे कोणी 'जातंय' म्हणत नाही, 'येतंय' असंच म्हणून निघतात. टेम्पो वळला तेव्हा तिने मागे बघितलं, एवढं मी पाहिलं.

त्यानंतर ती मंगळवारी कधी आली नाही. बाजाराला येते म्हणतात, पण स्टँडच्या पुढच्या बाजूने जाते. मी तिला दोष देत नाही. एकमेकांकडे बघितलं की आम्हाला तो आकडा दिसणार.

माघात महादू बर्फ घेऊन जाताना थांबला. सगळं ठीक आहे म्हणाला. यंत्र चालू आहे. सुगंधा सकाळी आता बटण दाबत नाही. अक्काच दाबते. तिन्हीसांजेला काचेसमोर निरांजन ठेवते, नावाला कुंकू लावते आणि गाऱ्हाणं घालते, जंय आसात थंय सुखी ठेव म्हणून.

पण तो आकडा माझा आहे. सुजलेल्या अंगठ्यांनी काढलेला. अख्ख्या सिंधुदुर्गात रोज माझ्यापुढे हात जोडून सुख मागणारी एक म्हातारी आहे, आणि तिला वाटतं तो तिचा मुलगा आहे. मंगळवारी बारा वाजले की मी तिन्ही रेडिओ बंद करतो, आणि तीनची गाडी गेली की पुन्हा लावतो.